दारातल्या गाडीस

मु. पो. खुटबाव, ता. दौंड

आदरणीय मोटारगाडीबाई यांस,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, येत्या रविवारी मोरगावला जायचं ठरलं आहे. दवाखाना नाही, बाजार नाही, कुणाचं लग्न नाही, नुसतं फिरायला. तुमच्या मागच्या सीटवर आजवर युरियाची गोणी बसली, केडगावच्या बाजारातली वांगी बसली, प्लास्टरातला आत्तीचा पाय बसला. हौसेनं कुणी बसलं नाही. फिरायचं म्हटलं की आम्ही गावच्या स्टेशनावरून रेल्वेनं पुण्याला. मोरगावला रेल्वे जात नाही म्हणून तुमची आठवण झाली. राग मानू नका.

घरात तयारी जोरात आहे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा, पोरांना उलटी झाली तर आवळासुपारी. आईनं लिंबू-मिरचीही ओवून ठेवली. तुमचं बॉनेट उघडायला मात्र कुणी फिरकलं नाही. विचारावं तर एकच उत्तर, "जवळच तर जायचंय!" या वाक्याचा मला मनस्वी संताप येतो. तिरुपतीला निघाला असतात तर अख्खी भावकी टायरं ठोकून बघायला आली असती. वाटेत सुप्याच्या माळावर पंक्चर झालं तर ते जवळचं पंक्चर म्हणून काय आपोआप निघणार आहे?

आजोबा याच मोरगावला बैलगाडीनं जायचे. आदल्या दिवशी आखाला वंगण, बैलांच्या नालांवर नजर, आणि उन्हाळ्यात लाकूड आकसून चाकाची लोखंडी धाव ढिली झाली असेल तर चाकं पाण्यात भिजत घालायची. गाडी सुटल्यावर मग भाकरी बांधली का, ते विचारायचे. आमच्या पिढीनं हा क्रम उलटा केला.

म्हणून मीच तुमच्या सेवेला लागलो. हवा गार टायरात बघायची असते, तेव्हा सकाळीच पंपावर नेलं. तिथला पोरगा ट्रॅक्टर सोडून सगळ्यांना सारखीच हवा भरतो. त्याला तुमच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचून दाखवलं. गाडी भरलेली असली की मागच्या चाकांना जास्त हवा लागते, हेही त्यावर लिहिलेलं असतं. टायरांची नक्षी कायद्यानं निदान 1.6 मिलिमीटर खोल हवी, तुमची आहे. इंजिन गार असताना कूलंट पाहिला, ऑइलची पट्टी पुसून पुन्हा बुडवून पाहिली. पीयूसी, विमा, आरसी, लायसन्स एका पाकिटात घातलं. कासुर्डी आणि पाटस, दोन्ही टोलनाके आपल्या वाटेत नाहीत, तरी फास्टॅगमध्ये पैसे ठेवलेत. घरातलं कुणीतरी ऐनवेळी "तसंच पुण्याला जाऊ" म्हणतं.

आता तुमची तक्रार. मागचं डावं चाक गुपचूप हवा सोडतं. वायपर ऊन पडलं की झकास चालतात. आणि स्टेपनी! तिच्यावर कांद्याची पोती टाकून टाकून ती कुणाच्या ध्यानातच राहिली नव्हती. बाहेर काढली तर जॅक आहे, पाना नाही. पाना सापडला पाण्याच्या मोटारीपाशी, धाकट्या भावाच्या कृपेनं. त्याला तुमच्यातर्फे दोन शब्द सुनावले आहेत.

रस्ता असा: केडगाव, मग चौफुल्याला महामार्ग ओलांडून सुपे, पुढं मोरगाव. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 सालचं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. चिंकारा दिसलाच तर हॉर्न वाजवून त्याला हाक मारू नका. मोरगावात देवळासमोर भला थोरला दगडी नंदी बसलाय. गणपतीपुढं नंदी कसा, हे पोरं विचारणारच. ते मी बघून घेईन.

परतीची एक अट आहे, आणि ती घरातल्यांनीही वाचावी. दिवेलागणीच्या आत खुटबावात. सध्या गाळप चालू आहे. उसानं भरलेल्या जोड ट्रॉल्या रस्त्यावर आहेत, कित्येकींना मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारात ऊस दिसतो तेव्हा तो काचेजवळ आलेला असतो. "अजून एक चहा घेऊ" म्हणणाऱ्याला तिथंच सोडून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी क्षेम. तेवढं रविवारी पहाटे पहिल्याच सेलला सुरू व्हा. ढकलायला माणसं भरपूर आहेत, पण सगळ्यांनी नवे कपडे घातलेले असतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
किल्ली ज्याच्या खिशात असते तो