चाकांखालची रहाड

माझ्या आत्याचा नातू शिक्षणासाठी दक्षिण कोरियात असतो. गेल्या शरद ऋतूत त्याने भाड्याने मोटार घेतली आणि सोबतीला चालक न घेता ग्योंगजू या प्राचीन नगरीत तीन दिवस मुक्काम केला. त्या प्रवासाची साद्यंत हकीकत त्याने आजीला लिहून पाठविली, आणि आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असल्यामुळे ती वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आले. सिल्ला राजवंशाने जवळजवळ एक सहस्र वर्षे जेथून राज्य केले, त्या नगरीत घरांच्या रांगांमधूनच राजांच्या समाध्या हिरव्या टेकड्यांसारख्या वर आलेल्या आहेत. रस्त्याच्या उजव्या अंगाने गाडी हाकण्याचे भय अर्ध्या दिवसात मावळते. आणि तोहाम नावाच्या डोंगरावरचा वळणावळणाचा रस्ता सोक्कुरामच्या बुद्धमूर्तीकडे घेऊन जातो. त्या देशाचा ग्रॅनाइट कोरून लेणे काढण्यास अतिशय कठीण, म्हणून इ. स. ७५१च्या सुमारास तेथील शिल्पकारांनी घडीव शिळा एकावर एक रचून गुहाच उभी केली आणि तीवर माती लोटून तिला डोंगराच्या पोटात बसविले. एवढे सारे लिहून झाल्यावर पत्राच्या शेवटी त्या मुलाने एकच प्रश्न विचारला होता: ‘आजी, तुझं नाशिक किती जुनं आहे?’

आत्याचा जन्म नाशिकच्या तिवंध्यावरचा. लग्नानंतरचे सारे आयुष्य तिने सोलापुरात काढले, आणि त्यातली तीस वर्षे विणकरांच्या एका पतपेढीत हिशेब लिहिले. हिवाळ्यात महिनाभर ती नाशिकला माझ्याकडे राहावयास येते. प्रश्न ऐकून ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “उद्या पहाटे गाडी काढ. असं उत्तर आठवणीवर लिहायचं नसतं, जागेवर जाऊन बघून लिहायचं असतं.”

मार्गशीर्षातली पहाट होती. नाशिकची थंडी त्या दिवसांत हाडापर्यंत पोहोचते, आणि द्राक्षबागांवरून येणारे धुके मुंबई-आग्रा महामार्गावर असे पसरलेले असते की पुढच्या गाडीचे तांबडे दिवेच तेवढे वाट दाखवितात. शहराच्या नैर्ऋत्येस अडीच-तीन कोसांवर याच रस्त्याच्या कडेला त्रिरश्मी डोंगर उभा आहे, आणि त्याच्या कमरेला पट्टा बांधावा तशी पांडवलेण्यांची रांग आहे. पायथ्याशी गाडी उभी केली, आणि दर वीस पायऱ्यांवर विसावा घेत आत्या वर चढली. मी तिला थांबविले नाही. ज्या वाटेने माणूस लहानपणी धावत चढलेला असतो, ती वाट म्हातारपणी सावकाश चढण्याचा त्याचा हक्क कोणी हिरावून घेऊ नये.

तिसऱ्या लेण्यासमोर आम्ही प्रथम थांबलो. ओसरीच्या तळाशी सहा धिप्पाड मूर्ती जमिनीतून अर्ध्याच वर आलेल्या आहेत, आणि त्यांच्या खांद्यांवर दगडी तुळया आहेत. भोयांनी पालखी उचलावी तसे ते संपूर्ण लेणे त्यांनी उचलून धरले आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षात त्याची आजी गौतमी बलश्री हिने हे लेणे दान दिले, आणि भिंतीवर जो लेख कोरविला त्यात आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, गुणवर्णन करविले. त्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्यायली, असे एक बिरुद त्यात आहे. वाहन हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो, परंतु एका मातेने आपल्या मुलाच्या पराक्रमाचे माप त्याच्या घोड्यांनी कोठवर जाऊन पाणी प्यावे यावरून सांगितले, हे ऐकल्यावर तो शब्द मला पुन्हा पहिल्याने भेटल्यासारखा वाटला. आत्या म्हणाली, “आजीनं लिहिलंय ना हे? मग खरं असणार.”

दहाव्या लेण्यात मात्र तिचा हिशेबनीस जागा झाला. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ठेव ठेवल्याचा लेख तेथे आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापण, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने; दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा दरशेकडा पाऊण या व्याजाने. मूळ रकमेस हात लावावयाचा नाही, व्याजाचाच उपभोग घ्यावयाचा. आणि पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. आत्याने बोटांच्या पेरांवर मोजले: दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस जणांना बारा-बारा, दोनशे चाळीस. “पैचा फरक नाही,” ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात जो आदर होता तो मी तिच्या तोंडून देवळातही क्वचित ऐकला आहे. हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवून फलकवारात, म्हणजे त्या काळच्या दफ्तरखान्यात, नोंदविला गेला, असेही लेखात म्हटले आहे. पेशवाईतील सनदा आणि इंग्रजी अमलातील खरेदीखते यांच्या कितीतरी आधी या मातीत विणकरांची पत राजकुळाला भरवशाची वाटत होती, आणि तिचा दस्तऐवज दगडावर उतरला होता. ज्याच्या नावाने तो व्यवहार झाला ते गोवर्धन गाव आजही शहराच्या पश्चिमेस गोदावरीच्या काठी नांदते आहे.

त्याच उषवदाताच्या दुसऱ्या एका लेखातील नोंद मला त्याहून मोलाची वाटते. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर त्याने नावांची व्यवस्था करून उतारूंना फुकट पार होण्याची सोय केली, आणि त्यांच्या दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया घातल्या. राज्यकर्त्यांनी आपल्या लढायांचे स्मारक करावे हे सर्वत्र घडते. परंतु तहानेल्या वाटसरूला कोणत्या नदीच्या काठी पाणी मिळेल याची यादी दगडात कोरून ठेवणे, ही गोष्ट ज्या मुलखात घडली त्या मुलखाचा मी रहिवासी आहे, याचा मला अभिमान वाटतो. लेण्यांच्या बाहेर कातळात खोदलेली पाण्याची टाकीही याच जाणिवेची. कोरीव लेखांत त्यांना ‘पोढी’ म्हणतात, आणि भिक्षूच्या निवाऱ्याबरोबर पोढीचे दान देण्याची रीत होती.

येथेच मला त्या दूरच्या नगरीशी असलेला एक धागा आठवला. आठव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्येचो नावाचा सिल्लाचा एक तरुण भिक्षू भारतात आला होता. त्याच्या प्रवासवर्णनाची खंडित प्रत १९०८ साली पॉल पेलियो या फ्रेंच पंडिताला चीनमधील तुन्हुआंगच्या गुहेत सापडली. मध्य देशातून निघून, तीन महिन्यांहून अधिक पायपीट करून आपण दक्षिणेच्या राजाच्या नगरास पोहोचलो, असे तो लिहितो. तो काळ चालुक्यांचा, आणि काही अभ्यासक त्या नगराचा माग नाशिकपर्यंत लावतात. तो याच पायऱ्या चढला असे विधान मी करणार नाही. परंतु वाहनावाचून, भाषेवाचून, ओळखीवाचून आलेल्या त्या परदेशी तरुणाला कोणी तरी पाणी दिले असेल, कोणी तरी ओसरी दिली असेल, म्हणूनच तो पुढची मजल मारू शकला, एवढे निश्चित. ज्या भूमीतून तो आला, त्याच भूमीत आज आत्याचा नातू गाडी हाकतो आहे.

खाली उतरून आम्ही शहराची वाट धरली. महामार्गावर आता उड्डाणपूल झाला आहे. आग्र्याकडे जाणारा प्रवासी शहराच्या डोक्यावरून निघून जातो, आणि त्याची गैरसोय टळते, हे खरे. पण ज्याला गावात शिरावयाचे आहे त्याने मुंबई नाक्याला खालची वाट धरावी, सीबीएस, अशोक स्तंभ करीत रविवार कारंजा गाठावा, आणि होळकर पुलावर आल्यावर वेग अगदी कमी करावा. पुलाच्या तोंडाशी १७५६ साली बांधलेले सुंदरनारायणाचे देऊळ आहे, आणि उजव्या हाताला रामकुंडापासून खालपर्यंत घाटांच्या पायऱ्या उतरत गेलेल्या दिसतात. नकाशावर या नदीचे नाव गोदावरी आहे. नाशिककर ‘गंगेवर जाऊन येतो’ असेच म्हणतो. नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे, आणि पुराचे माप गावाने त्याच्या देहावर ठरविले आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले, कमरेला लागले, छातीला लागले, असे एकमेकांना सांगत गाव सावध होते. “एकोणसत्तरच्या पुरात तो दिसेनासा झाला होता,” आत्या म्हणाली, “आणि पाणी सरकारवाड्याच्या पायऱ्यांना येऊन भिडलं होतं.” पलीकडच्या तीरावर १७४७ सालचे नारोशंकराचे देवालय आणि त्यावरची ती प्रसिद्ध घंटा. वसईच्या विजयानंतर आणलेल्या या घंटेचे नाव भाषेत इतके मुरले आहे की खणखणीत आवाजाच्या माणसाला आजही नारोशंकराची घंटा म्हणतात.

पंचवटीत काळारामाच्या पूर्व दरवाजासमोर मात्र आम्ही दोघेही बराच वेळ नुसते उभे राहिलो. सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काळ्या पाषाणात उभारलेले हे मंदिर शिल्पदृष्ट्या मोठेच आहे. पण येथील प्रत्येक दरवाजाला दुसरीही एक स्मृती आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो सत्याग्रही येथे आले आणि हे दरवाजे त्यांच्यासाठी बंद झाले. त्या वर्षीच्या रामाच्या रथोत्सवात रथाचा दोर स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनीही ओढावा असा समेट झाला होता; तो मोडला गेला आणि दोराला हात लावू पाहणाऱ्यांवर दगड आले. दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ही झुंज वर्षानुवर्षे चालविली, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. ज्या गावाने दोन सहस्र वर्षांपूर्वी सहा नद्यांच्या काठच्या पाणपोयांची यादी कोरलेली पाहिली, त्याच गावाने आपल्याच माणसांना देवाच्या वाहनाचा दोर नाकारला. नाशिक किती जुने आहे हे त्या मुलाला कळवावयाचे तर या दोन्ही नोंदी एकाच पानावर लिहाव्या लागतील. एखाद्या नगराचे मोठेपण मोजावयाचे तर आल्यागेल्याला आणि आपल्यातल्या दुबळ्याला त्याने वाट दिली की नाही, हेच पाहावे लागते. माझ्यापाशी दुसरी मोजपट्टी नाही.

परतीच्या वाटेवर आत्याचे पाय बोलू लागले होते, म्हणून अरुंद गल्ल्यांतून जपत जपत गाडी तिवंध्यापर्यंत नेली. चौकात येताच ती म्हणाली, “थांब. आता तू रहाडीवर उभा आहेस.” नाशिकची रंगपंचमी होते ती पेशवेकालीन रहाडींत. माणूस बुडेल एवढे खोल हे दगडी हौद रंगपंचमीस उघडतात, फुलांच्या उकळलेल्या रंगाने भरतात, त्यांची पूजा होते आणि मग गाव त्यांत उड्या घेते. प्रत्येक रहाडीचा रंग पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला. सण सरला की लाकडी ओंडके टाकून, वर माती लोटून रहाड बुजविली जाते, आणि वर्षभर तिच्यावरून वाहतूक चालू राहते. मी इंजिन बंद केले. माझ्या चारही चाकांच्या खाली तो रंगाचा हौद पुढच्या फाल्गुनाची वाट पाहत निजला होता, आणि मी आजवर किती वेळा भोंगा वाजवीत त्याच्यावरून गेलो असेन, या विचाराने मला ओशाळल्यासारखे झाले.

आत्याचा वाडा आता नाही. तेथे चार मजली इमारत आहे. फक्त जुन्या ओट्याची एक दगडी पायरी बाहेर राहिली आहे. आत्या त्या पायरीवर बसली, आणि तळहाताने तो दगड चाचपू लागली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या घरातून एक तरुण सून बाहेर आली. आम्ही कोण, कोठून आलो, काहीएक न विचारता तिने तांब्या-भांडे पुढे केले आणि म्हणाली, “आजी, पाणी घ्या. दमलात तुम्ही.” आत्याने पाणी पिऊन भांडे उपडे ठेवले आणि मला म्हणाली, “त्या पोराला आधी हे कळव. बाकीचं मागाहून लिही.”

त्याप्रमाणे पत्र गेले. त्या पाण्याची नोंद कोणत्याही फलकवारात व्हावयाची नाही, म्हणून ती येथे केली आहे.