सोळा युनिट

बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्यांना सिस्टरचा एकाच गोष्टीवरून राग यायचा. इंजेक्शन द्यायला आल्या की दर वेळी विचारायच्या, "काका, पूर्ण नाव सांगा. जेवण आलंय का?" हातातल्या पट्ट्यावर नाव, फाइलवर नाव, तरी रोज तेच. पाचव्या दिवशी बाबा म्हणाले, "अहो, आता तरी पाठ करा!" सिस्टर हसल्या. "पाठ आहे काका. तरी सांगा."

मीही हसलो होतो. काय हा प्रोसेसचा अतिरेक, असं वाटलं.

तर ही गोष्ट डिस्चार्जनंतरच्या रविवारची.

बाबांना रात्री जेवणाआधी १६ युनिट इन्सुलिन असतं. हॉस्पिटलमध्ये ते बाटलीतून सिरिंजने द्यायचे, घरी पेन दिलं होतं. आपण पडलो इंजिनियर, त्यामुळे लगेच एक्सेल शीट, मोबाइलवर अलार्म, सगळी जय्यत तयारी. आणि साडेसातला पेन माझ्याच हातून पडलं. बटण अडकलं ते अडकलंच.

आतली कार्ट्रिज शाबूत होती. हॉस्पिटलच्या पिशवीत दोन सिरिंज उरल्या होत्या. औषध तेच, ३०/७०. डोसही तोच. सिस्टर १६ च्या रेघेपर्यंत भरतात हे पाच दिवस डोळ्यांनी पाहिलेलं. मग अडलंय कुठे? सरळ कॉपी-पेस्ट!

फक्त एक शंका होती. औषध ओढायच्या आधी सिस्टर बाटलीत थोडी हवा सोडायच्या. ती इथेही सोडायची का? डिस्चार्ज कार्डवर वॉर्डचा नंबर होता, म्हणून लावला. नशिबाने त्याच ड्युटीवर होत्या.

"सिस्टर, कार्ट्रिजमध्ये पण आधी हवा सोडायची का?"

पलीकडे क्षणभर शांतता. "कार्ट्रिज? थांबा दादा. सिरिंजच्या टोपीचा रंग कोणता?"

"लाल."

"खाली ठेवा ती. आधी ठेवा, मग बोलू."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत बसलो. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० च्या असतात, म्हणजे १ मिलीमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये साधारणपणे १ मिलीत १०० युनिट. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. लाल सिरिंजवरची १६ ची रेघ म्हणजे ०.४ मिली. ४० च्या बाटलीतून भरलं तर बरोबर १६ युनिट. १०० च्या कार्ट्रिजमधून भरलं तर? ४० युनिट. अडीचपट!

तेही रात्री. शुगर खाली आली की घाम येतो, हात थरथरतात, माणूस असंबद्ध बोलतो. जागेपणी हे कुणाच्या तरी लक्षात येतं. बाबा झोपलेले असते आणि आम्हीही.

१९९९ मध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर एककांच्या गोंधळामुळे गेलं. एका सॉफ्टवेअरचे आकडे पाउंडात, दुसरं न्यूटन धरून चाललेलं. ही गोष्ट मी स्वतः ज्युनियर पोरांना दोनदा तरी ऐकवली असेल. आणि घरात?

सिस्टर म्हणाल्या, कार्ट्रिजमधून सिरिंजने औषध काढायचंच नसतं, टोपी कुठल्याही रंगाची असो. "काकांची शुगर बघून सांगा. मी ड्युटीवरच्या डॉक्टरांना विचारून पाच मिनिटांत फोन करते." फोन आला. मेडिकलमधून ४० ची बाटली आणली. तिच्यावरचं नाव, आकडा, एक्सपायरी, सगळं त्यांनी फोनवर माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं. मग डोस.

पुढच्या आठवड्यात तपासणीला गेलो तेव्हा पेढे घेऊन वॉर्डात डोकावलो. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य डोस, योग्य मार्ग, योग्य वेळ. आणि नोंद दिल्यानंतर लगेच, आधी नाही. त्यांच्या वॉर्डात इन्सुलिन भरलं की दुसरी सिस्टर तपासते, पण पहिलीने आकडा सांगायचा नाही. दुसरीने स्वतः वाचायचा. 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहायचा, कारण घाईत लिहिलेला 'यू' शून्यासारखा दिसतो आणि १० चे १०० होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २००४ पासून ते संक्षिप्त रूप बंदच केलंय. आणि "जेवण आलंय का" हीसुद्धा चौकशी नव्हती. इन्सुलिन देऊन जेवण झालंच नाही तर शुगर पडते.

इतकी वर्षं माझ्या डोक्यात होतं की विचार डॉक्टर करतात, सिस्टर फक्त लिहिलेलं 'रन' करतात. खरं तर औषध शरीरात जाण्याआधीचा शेवटचा चेक त्याच असतात. आमच्याकडे चुकलं तर रोलबॅक करता येतं. त्यांच्याकडे टोचलेलं परत काढता येत नाही. मी त्यांचे हात पाहिले होते, डोक्यात काय चाललंय ते पाहिलंच नव्हतं.

असो. घरात कुणाला इन्सुलिन चालू असेल तर आजच फ्रीज उघडा, बाटलीवरचा आकडा वाचा आणि सिरिंजच्या टोपीचा रंग बघा. जुळत नसेल किंवा जरा जरी शंका असेल, तर आधी फोन करा. प्रश्न बावळट वाटला तरी.

माझा वाटलाच होता.