भिंतीच्या कोणत्या अंगाला

गोष्ट वाच, शब्द आपोआप येतील, असं मी भाचीला ठणकावून सांगते. सांगून झालं की मनात येतं, खरंच येतात का? आणि आले तर एकटेच येतात, की आणखी काही घेऊन येतात?

भाची नववीत आहे. तिचं इंग्रजी पहिलीपासूनचं. २००० सालापासून मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं. माझं पाचवीपासूनचं. पण पान उघडलं की दोघींची गत सारखीच. हातात पेन्सिल, अडलेल्या शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी अर्थ. ‘नम’च्या वर बधिर, ‘ट्रिकल’च्या वर झिरपणे, ‘स्लूस’च्या वर नुसतं प्रश्नचिन्ह. पान संपेपर्यंत ओळींवर ओळी चढतात आणि छापलेली गोष्ट खाली दबून जाते. पॉल नेशन म्हणून न्यूझीलंडचे एक भाषाशास्त्रज्ञ आहेत. त्यांचा हिशेब असा की, कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर त्यातले शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द आधीच माहीत हवेत. हा हिशेब लावला तर पानशेतला कुणी इंग्रजी गोष्ट वाचूच नये. अठ्ठ्याण्णव येत असते तर ही पोरगी माझ्याकडे आली असती कशाला?

आमच्या शाळेत फळ्याच्या कोपऱ्यात रोज पाच शब्द असायचे. ते दुसऱ्या दिवशी पुसले जायचे. त्यांच्या वरची ओळ मात्र वर्षभर कुणी पुसत नसे: थेंबे थेंबे तळे साचे. ही म्हण करणारा वेल्ह्याकडचा नसणार. आमच्याकडे जुलैत थेंब ही चीजच नसते. पाऊस लागला की चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही, ओढे रात्रीतून रस्त्यावर येतात, भाताची खाचरं फुटतात. इथं तळं थेंबाथेंबाने साचत नाही, टीएमसीने भरतं. पानशेत धरणाची क्षमता १०.६५ टीएमसी, हे इथल्या गुराख्यालाही पाठ. क्युसेक, गेट, बॅकवॉटर, आणि अलीकडे रिसॉर्ट, वीकेंड, स्पीडबोट. हे सगळं इंग्रजी कुठलीही गोष्ट न वाचता आलंय. टीएमसी म्हणजे काय, असं विचारलं तर माझा भाऊ हसून विषय टाळतो. पण धरणात आज सात टीएमसी आहे एवढं कानावर पडलं की पाणी कुठल्या खडकाला टेकलं असेल ते तो घरात बसून सांगतो. मग शब्द त्याला आला म्हणायचा की नाही?

म्हणीचं अजून एक. तिच्यात थेंब आहे, तळं आहे, बांध नाही. साचायला काहीतरी आडवं लागतं, ते कुणी घातलं, कुणाच्या जमिनीवर घातलं, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. आणि साचलेलं प्यायचं कुणी? आंबीचं पाणी पानशेतला अडतं, खाली खडकवासल्याला उतरतं आणि पुण्याच्या नळाला जातं. ज्यांचं इंग्रजी बरं झालं ती पोरंही त्याच रस्त्याने खाली गेली. मीही गेले. माझं माहेर पाणलोटात आणि सासर पूररेषेत.

सासऱ्यांची इंग्रजी-मराठी डिक्शनरी अजून आमच्याकडे आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा ती नारायण पेठेतल्या घरात पाण्याखाली होती. नंतर गच्चीवर वाळवली. बाकी पानं सुटली, ‘आर’पासून ‘टी’पर्यंतचा गठ्ठा तेवढा चिकटून वीट झाला. मी इंग्रजी कादंबऱ्या वाचायला लागले ते याच डिक्शनरीच्या जोरावर. त्यामुळे त्या अक्षरांचे शब्द मला गोष्टीतूनच ओळखावे लागले. दुसरा इलाज नव्हता. ते शब्द बाकीच्यांपेक्षा पक्के बसलेत असं मला वाटतं. पण वाटतं म्हणजे तसं आहेच असं नाही. ती वीट समोर ठेवून केलेली ही मनाची समजूतही असेल.

भाचीला दिलेली गोष्ट हॉलंडच्या मुलाची. समुद्र अडवणाऱ्या बांधाला बारीक भोक पडतं, संध्याकाळी घरी निघालेला मुलगा त्यात बोट घालून रात्रभर बसतो आणि गाव वाचतं. मेरी मेप्स डॉज या अमेरिकन बाईंच्या १८६५ च्या ‘हान्स ब्रिंकर’ या पुस्तकात ती आहे. पुस्तक लिहिलं तेव्हा बाईंनी हॉलंड पाहिलंही नव्हतं. लोक त्या मुलालाच हान्स ब्रिंकर समजतात, प्रत्यक्षात गोष्टीत त्याला नावच नाही. हॉलंडमध्ये स्पार्नडॅमला १९५० साली त्याचा पुतळासुद्धा उभा केला, न झालेल्या मुलाचा. त्याचा बाप बांधाची दारं उघडझाप करणारा, म्हणजे स्लूसवरचा माणूस. इथं भाचीने स्वतःच पेन्सिल उचलली, प्रश्नचिन्ह खोडलं आणि ‘गेटवाला’ लिहिलं. मला फार बरं वाटलं. मनात म्हटलं, बघ, आला की नाही शब्द!

आई पलीकडे तांदूळ निवडत होती. तिने गोष्ट मराठीत सांगायला लावली आणि ऐकून म्हणाली, “एका बोटानं? हितं पलटणीनं रातभर गोण्या टाकल्या, तरी नाही ऱ्हायलं.”

ते खरंच आहे. पानशेत मातीचं धरण. काम पुरं व्हायचं होतं, तरी १९६१ च्या पावसातच पाणी अडवलं. मोरीची दारं धड बसलेली नव्हती, पाण्याच्या माऱ्याने ती हादरत राहिली, मोरीवरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या आणि सकाळी धरण फुटलं. मागोमाग खडकवासल्याची भिंतही गेली. पुण्यात शेकडो माणसं गेली. सासरी ही सगळी कहाणी मी वर्षानुवर्षं ऐकलीय: लकडी पूल, वाहून आलेली भांडी, कोणत्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी होतं.

माहेरची बाजू मात्र आईने त्या दिवशी पहिल्यांदा काढली, तीही तांदळातून मान वर न करता. त्या पावसात त्यांना वर डोंगराकडे सरकावं लागलं होतं, घर-रान पाण्यात गेलं होतं. धरण फुटलं आणि पाणी उतरलं. “आमची खाचरं वर आली, गाळानं भरून.” एवढंच म्हणाली. बरं वाटलं होतं का, असं विचारायचं मला धाडस झालं नाही. नंतर धरण पुन्हा बांधलं, खाचरं पुन्हा गेली.

तेवढ्यात भाचीने विचारलं, “आत्या, पाण्याच्या बाजूला कोण राहतं?”

गोष्टीत त्या बाजूला कुणीच राहत नाही. तिथं समुद्र आहे. म्हणून तर त्या मुलाचं बोट कुठं असायला हवं, यावर वाचणाऱ्याचं दुमत होत नाही. ही गोष्ट मी किती जणींना दिली. त्यांचे शब्द वाढले असतील. पण शब्दांबरोबर ती बाजूही आली का, जिथून पाहिलं की पाणी म्हणजे नुसतं संकट आणि भिंत म्हणजे निखळ चांगली? की हे सगळं माझंच, आणि पोरींनी बिचाऱ्यांनी ‘लीक’ म्हणजे गळती एवढंच घेतलं? गेटवाला लिहिणाऱ्या पोरीने मराठी शब्द घालून इंग्रजी गोष्ट आपल्या धरणावर आणली, की आपलं धरण उचलून हॉलंडला नेलं? आणि पुण्यातल्या त्या घरात बसून मी ही गोष्ट वाचली असती तर हे प्रश्न मला सुचले तरी असते का?

परीक्षेत यातलं काही विचारत नाहीत. उतारा येतो, खाली पाच शब्दांचे अर्थ. भावाचं म्हणणं, गोष्टी पुरे, ग्रामर घे. भाची म्हणते, दुसरी गोष्ट आण, आणि सोपी आण. ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’ काढून ठेवलीय. ती सोपी नाही, नेशनसाहेबांच्या हिशेबात तर मुळीच बसणारी नाही, आणि तिच्यात पाणी नाही म्हणून मी ती निवडली की काय, अशी शंका मला येतेय. भावाला अजून काही बोललेले नाही. त्याचं चूक आहे, असं छातीठोकपणे म्हणायला माझ्याकडे आत्ता काही नाही.