पसंदे, कोळंबी आणि पास्त्याचं पाणी

रश्शाच्या मटणाला तासभर लागतो, कोळंबीला तीन मिनिटं. पास्त्याला दहा-बारा मिनिटं, आणि साईच्या सॉसला वेळ असा नसतोच; तो जमला तर लगेच जमतो, फाटला तर लगेच फाटतो. या चौघांना एकाच वेळी, गरम, एका ताटात आणायचं, एवढाच या पदार्थाचा पेच आहे. कृती वाचून तो सुटत नाही, कारण कृतीत साहित्य असतं आणि अडचण वेळेची असते.

आमच्या हाताला वेगळी सवय. भालकी-औरादकडचा रस्सा एका पातेल्यात होतो. कांदा, खोबरं, मसाला, मटण, पाणी, एकावर एक घालत जायचं आणि शेवटी सगळ्यांनी मिळून उकळायचं. जास्त शिजला तर रस्सा रागावत नाही, उलट दुसऱ्या दिवशी अधिक लागतो. क्रीमच्या पास्त्यात हे सगळं उलटं होतं. इथं घालण्यापेक्षा काढण्याला किंमत आहे. कोळंबी काढून ठेव, मटण काढून ठेव, गॅस बंद कर. हा पदार्थ मी शिकले तो मुख्यतः वेळेवर थांबायला शिकले.

कोळार म्हटलं की बाहेरचे लोक सोन्याच्या खाणी विचारतात. ते कोलार बंगळूरुच्या पलीकडं. आमचं कोळार बीदर शहराला खेटून, औद्योगिक वसाहतीचं, औषधांच्या कारखान्यांचं. कारखान्यात नोकरीला आलेल्या बाहेरगावच्या पोरांना मी डबे देते. डब्यात भाकरी, तुरीचं वरण, भाजी. पास्ता डब्यात जात नाही, तो डब्याचा पदार्थच नव्हे. तो रविवारी रात्री घरच्यांसाठी, आणि कधीमधी त्या पोरांतलं कुणी जेवायला थांबलं तर त्याच्यासाठी.

समुद्र आणि जमीन एका ताटात आणायची हौस जुनी आहे. अमेरिकेतल्या हॉटेलांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेक आणि लॉब्स्टर एकत्र वाढून ती गाजवली. पण स्पेनच्या कॅटलोनियात कोंबडी आणि कोळंबी एका भांड्यात शिजवायची रीत आधीपासून आहे, तिला ते समुद्र-डोंगर म्हणतात. त्यांना दोन्ही हाताशी. बीदरला डोंगर म्हणावा तर पठार, आणि समुद्र दोन्हीकडून शेकडो किलोमीटर लांब. इथं समुद्र यायचा तो वाळून. आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील घेऊन बसणाऱ्या बाया असायच्या, अजून आहेत. ताजं म्हणजे नदीतलं आणि धरणातलं: मांजरेचं, कारंजाच्या जलाशयाचं. मरळ, रोहू, कटला. आता हैदराबादहून गोठवलेली कोळंबी येते. ती बहुतेक आंध्रातल्या तळ्यांतली व्हनामी असते. तिची शेती करायला आपल्या देशात २००९ पासून परवानगी मिळाली आणि तेव्हापासून समुद्र न पाहिलेल्या गावांतही कोळंबी पोचली. तळ्यातली म्हणून नाक मुरडणारे आहेत. मी मुरडत नाही. चांगली गोठवलेली कोळंबी ही तीन दिवस बर्फावर फिरलेल्या ‘ताज्या’ मासळीपेक्षा केव्हाही बरी.

जमिनीकडचं मात्र आमच्याकडं उत्तम. उस्मानाबादी शेळीचा हा मुलूख; लातूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), बीदर सगळीकडं तीच काळी शेळी. तिचं कोवळं मटण या पदार्थासाठी मला कोकरापेक्षा आवडतं, चरबी कमी असते आणि सॉसला तेलकटपणा येत नाही. पण रश्शाचे तुकडे इथं चालत नाहीत, हाडं तर नाहीतच. बीदरच्या खाटकाला सांगायचं, “भाई, रान के पसंदे निकाल दो.” दख्खनी स्वयंपाकात हा काप पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. मांडीचं मांस धाग्यांच्या आडवं, पातळ कापायचं आणि सुरीच्या पाठीनं ठोकून रुंद करायचं. मऊपणाचं काम इथं आडव्या कापानं होतं. धागे तोकडे झाले की दाताला चिवटपणा लागतच नाही.

अर्धा किलो पसंद्यांना कच्च्या पपईचा एक चमचा वाटलेला गर, सालासकट. सोबत आलं-लसूण, मीठ, भरडलेली मिरी. अर्धा तास, फार तर चाळीस मिनिटं. पपईतलं पपेन मांसाचे धागे मोकळे करतं आणि ते तुमच्या घड्याळाकडं बघत नाही. रात्रभर ठेवलं तर सकाळी मटणाचा लगदा मिळतो. आच लागल्यावरही मांस चांगलं तापेपर्यंत त्याचं काम चालूच असतं, म्हणून पसंदे थंड कढईत घालून हळूहळू तापवायचे नाहीत. बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवायचा, पसंदे कापडानं टिपायचे आणि एका वेळी चार-पाचच टाकायचे. सगळे एकदम टाकले तर तवा थंड पडतो, मटणाला पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी उकडतं. दोन्ही बाजूंनी तांबूस झाले की आच कमी करून, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटं. एवढ्यानं तासाचा पेच एक तृतीयांशावर येतो. मग काढून झाकून ठेवायचे. तव्याला चिकटलेलं तपकिरी खरपुडं घासून टाकू नका, त्यात पळीभर पाणी घालून सोडवून घ्या. अर्धी चव तिथंच बसलेली असते.

कोळंबीचं सांगायचं तर तिच्यावर फार संस्कार करू नयेत. रात्री फ्रीजमध्ये ठेवून बर्फ सोडवायचा, पाठीवरची काळी शीर काढायची, कोरडी करायची. पुसून अगदी कोरडी. मीठ, चिमूटभर हळद. लोण्यात एका बाजूनं मिनिटभर, दुसऱ्या बाजूनं त्याहून कमी. रंग बदलतो तो डोळ्यांदेखत. कवचवर्गी प्राण्यांत लाल रंग आधीपासूनच असतो, प्रथिनानं झाकलेला, उष्णतेनं ते प्रथिन उलगडतं आणि रंग मोकळा होतो. कोळंबी अर्धचंद्राइतकी वाकली की काढायची. पूर्ण वळून गोल झाली म्हणजे उशीर झाला. आणि काढायची तेव्हा ती मधे किंचित कच्ची वाटली पाहिजे, कारण पुढं गरम सॉसात तिला अजून अर्धं मिनिट जायचंच आहे.

गोठवलेली कोळंबी सोललेली येते, त्यामुळं कवचं मिळत नाहीत. इटलीत किंवा कोकणात त्या कवचांचं आणि डोक्यांचं पाणी काढून चव वाढवतात. माझ्याकडं त्याला बाजारातली सुकट आहे. मूठभर सुकट कोरडी भाजायची, वाटीभर पाण्यात दहा मिनिटं उकळायची आणि फडक्यातून गाळून फक्त पाणी घ्यायचं. वाळलेल्या सुकटीत समुद्र दाटून बसलेला असतो, तो या पाण्यात उतरतो. घरभर वास सुटतो, हे खरं. शेजारी लिंगायतांची घरं आहेत, तेव्हा मी खिडकी मागच्या बाजूची उघडते.

आता साय. इथं आमच्या घरात वाद होतो. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहतात. “दुधात मासे घालायलीस का गं? अंगावर पांढरे डाग उठतात.” त्यांचं म्हणणं हवेतलं नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची चर्चा आहे आणि दूध-मासे ही त्यातली ठळक जोडी. पांढरे डाग मात्र त्यानं उठत नाहीत. कोड हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटल्यामुळं होतो, माशांचा आणि दुधाचा त्यात हात नाही. हे मी त्यांना सांगते. “असेल आई, पण तुम्हाला नको तर तुमचं ताट वेगळं.” त्यांच्यासाठी लसूण-लोण्यातला पास्ता आणि वरून पसंदे, साय नाही, कोळंबी नाही. त्या तो आवडीनं खातात आणि पास्त्याला शेवयाच म्हणतात.

त्यांचं शेवया म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. पास्ता ज्या गव्हाचा होतो तो कठीण दाण्याचा ड्युरम, म्हणजे आपला बन्सी. उत्तर कर्नाटक आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू काळ्या रानात हा गहू पूर्वीपासून आहे, सोबत खपली, जिला इथले कन्नड लोक जवे गोधी म्हणतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं महाराष्ट्र-कर्नाटकातल्या जिरायती रानासाठी एमएसीएस ४०२८ नावाचं वाण काढलं, तेही ड्युरमच. बन्सीच्या रव्याच्या शेवया उन्हाळ्यात काठ्यांवर वाळत घालणाऱ्या, लग्नाच्या रुखवतासाठी गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे वळणाऱ्या बायांना पास्ता परका का वाटावा? आकार देऊन वाळवलेलं पीठ, पाण्यात उकळून खायचं. बोटवे पाहिले की मला पेन्ने आठवत नाही, पेन्ने पाहिलं की बोटवे आठवतात.

आणि चकोल्या. माझं माहेर उदगीरचं, सासर भालकीचं. १९५६ पर्यंत दोन्ही एकाच बीदर जिल्ह्यात होतं, मग उदगीर मुंबई राज्यात गेलं आणि भालकी म्हैसूर राज्यात. चकोल्या दोन्हीकडं तशाच राहिल्या. तुरीच्या वरणात कणकेचे तुकडे शिजतात तेव्हा वरण दाट होतं, ते डाळीमुळं कमी आणि कणकेतून सुटलेल्या पिठामुळं जास्त. हे ज्या बाईला माहीत आहे तिला क्रीमच्या पास्त्याचं निम्मं गुपित माहीत आहे. लोक पाकिटामागून पाकीट क्रीम ओततात आणि तरी सॉस एकतर पातळ राहतो नाहीतर तुपकट होतो. त्यांनी पास्त्याचं पाणी मोरीत ओतलेलं असतं. रोममध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेदो दि लेलिओनं ज्या पास्त्यानं नाव कमावलं त्यात क्रीम नव्हतंच. लोणी, पार्मेझान आणि पास्त्याचं पिठाळ पाणी, बस्स. पाण्यातलं पीठ स्निग्धाचे थेंब धरून ठेवतं, त्यांना एकत्र होऊन वर तरंगू देत नाही.

म्हणून पास्ता कमी पाण्यात उकळा. पाकिटावर शंभर ग्रॅमला एक लिटर लिहिलेलं असतं. मी त्याच्या दोन तृतीयांश घेते, पाणी जास्त पिठाळ होतं. मीठही लिटरला दहा ग्रॅम न घालता थोडं कमीच, कारण पुढं सुकटीचं पाणी आणि चीज दोन्ही खारट. बीदर समुद्रसपाटीपासून सातशेएक मीटर उंच आहे, इथं पाणी शंभर अंशांच्या दोन-अडीच अंश आधीच उकळतं. त्यामुळं पाकिटावरच्या वेळेवर विसंबू नका, दातानं बघा. मधे सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका असतानाच काढायचा.

साय वापरायची तर म्हशीच्या दुधाची, पण तशीच घालायची नाही. तिच्यात गोठलेल्या प्रथिनांचे पापुद्रे असतात, ते गरम सॉसात रवाळ दिसतात आणि सॉस फाटला असं वाटतं. मिक्सरला लावाल तर लोणी निघेल. थोडं कोमट दूध घालून रवीनं हलक्या हातानं घुसळायची आणि गाळणीतून दाबून काढायची. एवढा खटाटोप नको असेल तर पाकिटातलं पंचवीस टक्के स्निग्धांशाचं क्रीम घ्या, लाज कसली. साध्या चीजच्या क्यूबलाही हसू नये. त्यातल्या क्षारांमुळं ते सॉसात गुळगुळीत मिसळतं, किसलेल्या पार्मेझानसारखे गोळे धरत नाही. इटालियन लोक मासळीवर चीज घालत नाहीत म्हणतात. मटण असल्यामुळं मी थोडं घालते. दख्खनी पद्धतीनं खसखस आणि चारोळी वाटून घातली तर सॉस फार सुरेख दाट होतो, पण मग तो कोर्मा होतो. कोर्मा रोटीबरोबर खावा.

शेवटची चार मिनिटं बोलायची नसतात. कोळंबी काढलेल्या लोण्यात ठेचलेला लसूण, तो पिवळा पडायच्या आत सुकटीचं पाणी आणि तव्यावरून सोडवलेलं मटणाचं पाणी. निम्मं आटलं की आच मंद करून साय. उकळी येऊ द्यायची नाही. त्यात पास्ता, पळी-दोन पळ्या पिठाळ पाणी, आणि कढई हलवत राहायची. सॉस पास्त्याला धरू लागला की पसंदे, मग कोळंबी. गॅस बंद. आता चीज, भरपूर मिरी, आणि अगदी शेवटी लिंबू पिळायचं. लिंबू चालू आचेवर पिळलं तर साय फाटते, हे दूध नासवून कलाकंद करणाऱ्यांना सांगायला नको. कढईत सॉस थोडा पातळ दिसायला हवा, ताटात जाईपर्यंत तो आळतो. कढईतच दाट दिसला तर ताटात गोळा होणार.

जेवणारे आधी बसलेले पाहिजेत. आमच्याकडं “या, ताट वाढलंय” म्हटल्यावर हात धुवायला उठायची रीत आहे. रश्शाला ती चालते, याला नाही. चौघांना चारशे ग्रॅम पास्ता, अर्धा किलो पसंदे, तीनशे ग्रॅम कोळंबी पुरते. आठ जण असतील तर कढई दुप्पट भरू नका, दोनदा करा. आणि उरेल इतका करूच नका: परत गरम केला की साय तूप सोडते, कोळंबी रबर होते, आणि दुसऱ्या दिवशी चांगला लागायला तो रस्सा नाही.