लोणावळा, चिक्कीच्या पलीकडचं

‘टेन्शन? छे, मला कसलं टेन्शन!’ असं मी सगळ्यांना ऐकवायचो. गेल्या महिन्यात ऑफिसच्या चेकअपमध्ये बीपी निघालं १५०/९६. वय फक्त २९! ‘तीन आठवड्यांनी पुन्हा मोजू,’ डॉक्टर म्हणाले. घरी कुणालाच सांगितलं नाही.

शनिवारी पुण्याहून लोणावळा लोकल पकडली. चिक्कीची दुकानं मागे टाकून थेट कैवल्यधाम गाठलं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलेली ही संस्था. स्वामीजी भारी माणूस! योगाने ‘बरं वाटतं’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. शरीरात नेमकं काय घडतं, हे त्यांना मोजायचं होतं. आसनं करणाऱ्यांचं ब्लडप्रेशर मोजलं, एक्स-रे काढले आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ त्रैमासिकातून हे प्रयोग मांडले.

मग आपणही मोजून बघू की! झाडाखाली बसलो. बोटं मनगटावर, नजर घड्याळावर. मिनिटाला ८८ ठोके. दहा मिनिटं संथ श्वास घेतला, सोडताना थोडा जास्त वेळ. श्वास घेताना नाडी जराशी पळते, सोडताना मंदावते, हे बोटांना चक्क कळलं. पुन्हा मोजली : ७४. तेवढ्यात खिशात मोबाइल थरथरला. बॉस! फोन उचललासुद्धा नाही, तरी नाडी ८६!

जीभ थापा मारते हो, नाडी नाही मारत. तुम्हीही मोजून बघा एकदा.

परतताना चिक्की घेतलीच. घरी पुडा आईच्या हातात दिला आणि बीपीचा आकडाही सांगून टाकला. मंगळवारी डॉक्टरांकडे दोघं जातोय.