कापरे आणि हेलकावे

१८१७ साली लंडनमधील जेम्स पार्किन्सन या डॉक्टरने 'ॲन एसे ऑन द शेकिंग पाल्सी' हे छोटेखानी पुस्तक लिहिले. त्यात सहाच रुग्णांची वर्णने आहेत, आणि त्यांपैकी काहींना तर त्याने केवळ रस्त्यात पाहिले होते. पुढे त्याचेच नाव मिळालेला हा आजार वैद्यकाने ओळखला तो अशा एका निबंधातून, नेमक्या वर्णनाच्या बळावर. अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, औषधपाण्याकडे आम्ही भावंडे पाहू लागल्यापासून या गोष्टीचे मोल आम्हांला अधिक कळते.

अण्णांना लेव्होडोपा आणि कार्बिडोपा यांची एकत्रित गोळी दिवसातून पाच वेळा घ्यावी लागते. मेंदूत कमी पडणारे डोपामिन बाहेरून देऊन भागत नाही, कारण रक्तातून ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. हे रूपांतर वाटेतच होऊ नये, मळमळ कमी व्हावी, म्हणून जोडीला कार्बिडोपा. काही वर्षे हा हिशेब सुरळीत चालतो. पुढे प्रत्येक गोळीचा अंमल आखूड होत जातो. डॉक्टर ज्यांना 'ऑन' आणि 'ऑफ' म्हणतात, त्यांना कोकणात वाढलेले अण्णा भरती आणि ओहोटी म्हणतात.

खरी अडचण केली ती 'थरथर' या शब्दाने. ओहोटी लागली की अण्णांचा उजवा हात मांडीवर स्वस्थ असतानाच हलू लागतो. एका लयीत, चिमटीत काही वळत असल्यासारखा. उलट भरती ऐन जोरात असताना कधी मान, कधी खांदा, कधी सगळे धड आपोआप वळत, झुलत राहते. त्यात लय नसते. पहिली हालचाल औषध कमी पडल्याची खूण. दुसरी, अशा वेळी, बहुधा औषध जास्त झाल्याची. भेटायला येणारे दोहोंना 'थरथर'च म्हणतात आणि गोळी वाढवून घेण्याचा सल्ला देतात. डॉक्टरांपर्यंत तेवढा एकच शब्द पोहोचला, तर उपाय नेमका उलटा होऊ शकतो.

आईने दोन शब्द वेगळे केले : 'कापरे' आणि 'झोके'. अण्णांनी दुसरा नामंजूर केला. "झोका माणूस हौसेने घेतो. हेलकावा बसतो," ते म्हणाले. तेव्हापासून वहीत गोळीची वेळ, जेवणाची वेळ आणि त्यापुढे 'कापरे' किंवा 'हेलकावे' अशी नोंद होते. अण्णांचे अक्षर आता मुंगीएवढे झाल्यामुळे लिहिते आई; शब्द त्यांचा.

या वहीमुळेच दिसले, की दुपारची गोळी दाट वरण आणि दही यांच्या जेवणाबरोबर घेतली, तर उशिरा लागू पडते. प्रथिने आणि लेव्होडोपा शरीरात शोषली जाताना एकमेकांच्या आड येतात. डॉक्टरांनी ती जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितले. लोहाच्या गोळीतही अंतर ठेवायला लावले. नुसती 'चक्कर' न लिहिता 'उठताना अंधारी' असे लिहिल्यावर त्यांनी अण्णांचा रक्तदाब झोपवून आणि उभे करून, असा दोनदा मोजला.

गोळ्या कमीजास्त करणे हे आमचे काम नव्हे. आपल्या मनाने तर त्या एकाएकी थांबवूही नयेत. प्रचंड ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकते. आमच्याकडे उरते ते वर्णन. गेल्या भेटीत डॉक्टरांनी वही दोनदा वाचली, सकाळची मात्रा थोडी उतरवली आणि दोन गोळ्यांमधले अंतर कमी केले. नव्या चिठ्ठीवर त्यांनी मराठीत लिहिले होते : 'हेलकावे - पुन्हा पाहणे.' अण्णांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून ती ओळ तपासली आणि मान डोलावली. ती मात्र त्यांनी स्वतः डोलावली होती.