जेवणापूर्वीचा तांब्या

मिस्सेत गुडघे टेकणे आम्हांस जड जाऊ लागले, तेव्हा वजनाचा विचार प्रथम मनात आला. उठताना आम्ही पुढचा बाक असा काही धरीत असू की, तेथे बसलेल्या आजीबाई दचकून मागे पाहत. डॉक्टरांनी काट्यावर उभे केले. काटा ९१ वर थांबला. रक्तातील साखरही उंबरठ्यावर येऊन ठेपली होती. दहा किलो उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू करू, असे त्यांनी बजावले.

पिंपरीसारख्या कामगार वस्तीत फुकटच्या उपायांना तोटा नाही. आम्ही त्यांतला सर्वांत स्वस्त धरला: प्रत्येक जेवणाच्या अर्धा तास आधी अर्धा लिटर पाणी. हे खूळ आजकालचे असेल, असा आमचा समज होता. परंतु आधी पाणी पिणारा कृश होतो, मध्ये पिणारा सम राहतो आणि शेवटी पिणारा स्थूल होतो, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त केव्हाच सांगून ठेवले आहे. २०१५ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी स्थूल प्रौढांवर १२ आठवडे हाच प्रयोग केला. पाणी पिणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी १.३ किलोने अधिक उतरले. एवढेच! पाणी चरबी जाळते, ही मात्र भाबडी समजूत. बर्फाइतके थंड अर्धा लिटर पाणी अंगाइतके उष्ण व्हायला जेमतेम अठरा-एकोणीस कॅलरी लागतात; पोळीच्या चतकोराएवढ्याही नव्हेत. खरा लाभ असा की पोट आधीच थोडे भरते, आणि पाळीत सवयीने घेतलेले साखरेचे चार-पाच चहा टळतात. (मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून हे करू नये.)

आमच्या आईच्या तरुणपणी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही वर्ज्य असे. पाण्याने हा उपवास मोडत नाही, असे बारावे पायस यांनी १९५३ मध्ये ठरविले. सहावे पॉल यांनी १९६४ मध्ये तो एका तासावर आणला. आई तरीही अखेरपर्यंत कोरड्या घशानेच मिस्सेला गेली. तिच्या लेकाने घड्याळ लावून पाणी ढोसावे, याचे तिला खासच हसू आले असते.

बरे, हे पाणी येते कोठून? पवनेचे, रावेतच्या बंधाऱ्यातून उचललेले. महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये ते दिवसाआड सोडण्यास सुरुवात केली, तेव्हा घरोघरी पिंपे आली. याच नदीच्या पाण्यासाठी आखलेल्या बंद जलवाहिनीला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊर येथे पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्यू पावले. तांब्या उचलताना हे रोज आठवते असे नाही. पण आठवले की घोट अडतो.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मिस्सेनंतर आम्ही धर्मग्रामातील एका मुलीस पाण्याचे माहात्म्य ऐकवीत होतो. ती चाकणकडच्या एका लहानशा कारखान्यात कामाला जाते. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “काका, पाणी आहे हो आमच्याकडे. पण बायकांसाठी संडास नाही. सकाळी सातला घर सोडलं की चारपर्यंत मी घोटही घेत नाही.” त्यापायी मूत्रमार्गाच्या दुखण्याने तिला दोनदा दवाखाना गाठावा लागला होता. स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र संडासाची अट १९४८ च्या कारखाने अधिनियमातही होती. आम्ही हातातली बाटली पाठीमागे घेतली.

आमच्या सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी धर्मगुरूंना गाठले. मग आम्ही तिघे त्या मालकांकडे दोनदा जाऊन आलो. मुलीचे नाव अर्थातच काढले नाही. पहिल्या खेपेस चहा मिळाला, साखरेचा; तो नाकारता आला नाही. दुसऱ्या खेपेस शेडमागची जागा दाखविण्यात आली. आमचा काटा आता ८७ वर आहे आणि ख्रिस्तप्रसादानंतर दोन मिनिटे गुडघ्यांवर राहता येते. शेडमागे भिंती उभ्या झाल्या आहेत; दार अजून बसायचे आहे.